सोंगाड्याचे तोंड कुणाकडे?

माझा आजा सोंगाड्या होता. कागदोपत्री तो शेतमजूर. पण जत्रांचा हंगाम सुरू झाला की एका लहानशा फडाबरोबर गावोगाव हिंडायचा. मी त्याला बोर्डावर कधी पाहिले नाही. मला आठवतो तो म्हातारपणी दारात बसून तंबाखू मळणारा आजा. त्याने सांगितलेली एक हकिकत अशी : एका गावच्या जत्रेत वगाच्या ओघात त्याने त्या गावच्या पाटलाच्या चालण्याची, खाकरण्याची हुबेहूब नक्कल केली. पाटील पुढेच बसलेला. लोकांचा श्वास अडकला. मग पाटीलच खो खो हसला आणि त्याने रुपयाची दौलतजादा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाटलाच्या वाड्यावर फडकऱ्यांना चहा मिळाला तो गोठ्याच्या भिंतीत ठेवलेल्या वेगळ्या, कान तुटलेल्या कपांतून. पाणी वरून ओतले. हे सांगून आजा म्हणायचा, "हसवायची परवानगी व्हती लेका, बसायची न्हवती."

आज मी महाविद्यालयात नाटकाचा इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिलाच. अभ्यासक्रमात संस्कृत नाटकातला विदूषक आहे, शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला राजाला खरे सांगणारा खुळा आहे. त्यांच्यावर व्याख्याने होतात, प्रश्न विचारले जातात. सोंगाड्याचा उल्लेख 'लोककला' या सदराखाली अर्ध्या पानात उरकतो. 'वेड पांघरून शहाणपण सांगणारा' असे तिघांचेही एकाच वाक्यात वर्णन करून आपण मोकळे होतो. पण हे तिघे एकच काम करतात काय? खुळ्याच्या तोंडी शहाणपण घालणे हा जर रंगभूमीचा जुना संकेत असेल, तर ते शहाणपण कुणाला ऐकवण्यासाठी आहे आणि ते ऐकून कुणाचे काय बदलते, हा प्रश्न विचारल्याशिवाय या पात्राचा इतिहास लिहिता येणार नाही. आपल्यापुरता तरी तो या बाजूने तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

*

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सुरुवातीला नाटकाच्या जन्माची कथा आहे. वेद शूद्रांच्या कानी पडू द्यायचे नाहीत. म्हणून ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण केला, तो नाट्यवेद. ही कथा आमचे प्राध्यापक मोठ्या कौतुकाने सांगतात आणि नाटक हे मुळातच कसे सर्वांचे होते असा निष्कर्ष काढतात. त्याच ग्रंथाच्या शेवटी असलेली दुसरी कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. भरताच्या पुत्रांनी आपल्या विद्येच्या जोरावर प्रहसने रचली आणि त्यांतून ऋषींची टवाळी केली. ऋषी संतापले. त्यांनी शाप दिला, की तुम्ही व तुमचा वंश शूद्र होईल.

या दोन कथा एकत्र वाचल्या पाहिजेत. नाटक शूद्रांसाठी निर्माण झाले असे पहिली कथा सांगते. ऋषींना हसाल तर शूद्र व्हाल, असे दुसरी बजावते. म्हणजे हसण्याला बंदी नव्हती, हसण्याला दिशा नेमून दिलेली होती. खालच्याला हसा, स्वतःला हसा, राजाच्या प्रेमप्रकरणाला हळूच हसा. पण जिथून व्यवस्थेला मान्यता मिळते तिथे हसू नका. शाप म्हणून 'शूद्रत्व' द्यावेसे वाटते यातच त्या समाजाची सारी रचना उघडी पडते.

या चौकटीतला विदूषक पाहा. नाट्यशास्त्र त्याला ठेंगणा, दातपुढा, कुबडा, टकला, विद्रूप चेहऱ्याचा करते. तो बहुधा ब्राह्मण असतो. पण संस्कृत न बोलता प्राकृत बोलतो. खादाड असतो, भित्रा असतो, राजाचा मित्र असतो. ब्राह्मणाची ही थट्टाच नव्हे काय, असे कुणी विचारील. थट्टा आहे; पण ती वेद न येणाऱ्या, पोटामागे धावणाऱ्या ब्राह्मणाची आहे, ब्राह्मण्याची नाही. त्याचे तोंड कायम नायकाकडे वळलेले. नायकाचे मन रमवणे हे त्याचे मुख्य काम.

याला एक अतिशय महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो अगदी आरंभीचा आहे. मध्य आशियात सापडलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांतून अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरण' या नाटकाचा काही भाग हाती आला. जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी तो १९११ साली प्रसिद्ध केला. उपलब्ध संस्कृत नाटकांत हे तुकडे सर्वांत जुने मानले जातात. अश्वघोष बौद्ध होता. नाटकाचा विषय शारिपुत्र व मौद्गल्यायन यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला हा. शारिपुत्र जन्माने ब्राह्मण. त्याच्यासोबत विदूषक आहे आणि तो आपल्या मित्राला अडवतो : तू ब्राह्मण, क्षत्रियाचा उपदेश घेणे तुला शोभते काय? शारिपुत्र त्याला उत्तर देतो, की खालच्या वर्णाच्या माणसाने दिले म्हणून औषध रोग्याला गुण देत नाही काय? उन्हाने तापलेल्याला पाणी थंडावा देत नाही काय?

पाण्याचा हा दाखला वाचताना महाडच्या तळ्याची आठवण न होणारा वाचक आपल्यात विरळाच. पण येथे मुद्दा वेगळा आहे. जन्माचा अभिमान हे शहाणपण नसून खुळेपण आहे, ते विदूषकाच्या तोंडीच शोभते, असा निवाडा या बौद्ध नाटककाराने केला. आणि शेवटच्या अंकात, शारिपुत्राच्या प्रव्रज्येच्या वेळी, विदूषक रंगभूमीवर दिसत नाही. प्रश्न सुटला, खुळ्याचे काम संपले. पुढच्या संस्कृत नाटककारांनी विदूषक ठेवला, त्याचे लाडूही ठेवले; हा वाद मात्र पुढे नेला नाही.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त त्याची थोडी धग उरलेली दिसते. त्यातला विदूषक मैत्रेय हा विदूषकांत सर्वांत माणूसपणाचा. गरिबीत मित्राला न सोडणारा. तरीही पाय धुण्याची वेळ येते तेव्हा तो कुरकुरतो, की हा दासीपुत्र नुसते पाणी धरतो आणि मला ब्राह्मणाला पाय धुवायला लावतो. नाटकातले खरे शहाणपण त्याच्याकडे नाहीच. ते स्थावरक या दासाकडे आहे. मालकाने वसंतसेनेचा खून करायला सांगितल्यावर तो साफ नकार देतो, आणि कोंडून ठेवल्यावर उंचावरून उडी टाकून सत्य सांगायला धावतो. पण दासाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. ते शहाणपण चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणाऱ्या दोन चांडाळांकडे आहे. आम्ही चांडाळकुळात जन्मलो म्हणून चांडाळ नव्हे, सज्जनांना छळतात तेच खरे चांडाळ, अशा आशयाचे बोल त्यांच्या तोंडी आहेत. एवढे बोलणाऱ्यांना नाटकाच्या शेवटी बक्षीस काय मिळते? दासाला दास्यातून मुक्ती मिळते, हे खरे. चांडाळांना मात्र सर्व चांडाळांचे प्रमुखपद मिळते. राज्य उलथले, राजा बदलला, चांडाळ चांडाळच राहिला.

*

संस्कृत नाटक राजवाड्यात आणि पोथीत राहिले. गावच्या माळावर उभा राहिला तो तमाशा. त्याची मांडणी वाचकांना परिचित आहे : गण, गौळण, बतावणी, लावण्या, आणि मग वग. पाठीमागे ढोलकी, हलगी, कडे आणि तुणतुणे धरणारे झीलकरी. पुढे सरदार, नाच्या आणि सोंगाड्या. पेशवाईच्या अखेरीस होनाजी, परशराम, रामजोशी यांच्या शाहिरीला दरबारी आणि शहरी आश्रय मिळाला. फड पोटावर चालवणारे मात्र बहुसंख्येने महार, मांग, कोल्हाटी आणि इतर कष्टकरी जातींतले राहिले. वगाचा पाया घालणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो सावळजचा उमा बाबू मांग समाजातला.

गौळणीत सोंगाड्या पेंद्या होतो, वगात राजाचा शिपाई. राजा आज्ञा करतो, हा तिचा शब्दशः अर्थ लावून तिचा फज्जा उडवतो. राजा भारदस्त भाषा बोलतो, हा आपल्या गावची. त्याचे संवाद कागदावर नसतात. वगाचा सांगाडा ठरलेला. मांस त्या रात्रीचे, त्या गावचे. गावात कुणी दुष्काळी धान्य दडवले, कुणाच्या वतनाचा तंटा पेटला, हे संध्याकाळी विचारून घ्यायचे आणि रात्री राजाच्या दरबारात सोडून द्यायचे. दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न' या वगातला सावळ्या कुंभार अजरामर केला तो याच हजरजबाबीपणावर. इंद्राच्या शापाने गंधर्व गाढव होऊन कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येशी लग्नाचा हट्ट धरतो. गाढवाचे हे स्थळ घेऊन गरीब कुंभाराला दरबारात जावे लागते. स्वर्गातल्या देवाची चूक, राजाची प्रतिष्ठा, आणि दोहोंचा भार वाहणारा कुंभार. माळावर बसलेल्या कष्टकऱ्याला यातले काय कळत होते ते समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून सोंगाड्याचे तोंड दोन्हीकडे असते असे मी म्हणेन. तो बोलतो राजाशी, पण डोळा मिचकावतो माळाकडे. विदूषकापेक्षा हे एक पाऊल निश्चितच पुढे आहे. तरीही आज्याची हकिकत विसरून चालणार नाही. रात्रीपुरता पाटील खाली आला आणि सकाळी पुन्हा वाड्यावर गेला. किंबहुना रात्री एकदा मनसोक्त हसून घेतल्यामुळे सकाळी निमूटपणे वेगळ्या कपातून चहा पिणे सोपे झाले असेल काय? हा प्रश्न कटू आहे; पण आपल्या कलेविषयीच्या अभिमानापोटी तो टाळता कामा नये. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सोंगाड्याचे हसू नेहमीच वर जात नसे. गौळणीत ते पुष्कळदा शेजारी उभ्या असलेल्या नाचणाऱ्या बाईवर पडे. जिच्या पायांवर फड जगत होता तिचीच टवाळी करून टाळ्या मिळवणे सोपे होते. परवानगी मिळालेल्या हास्याची ही दुसरी बाजू आहे.

*

या परवानगीची चौकट प्रथम कुणी मोडली असेल, तर ती जोतीराव फुल्यांनी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्या खेळांतही विदूषक होता. तो प्रारंभी वेडेवाकडे नाचून सूत्रधाराशी विनोद करी आणि मग देवदैत्यांच्या कथेला वाट मोकळी करून देई. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले. विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या १८६१ सालच्या नाटकाच्या सहा वर्षे आधी. त्यात देव नाहीत, राजा नाही. एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको आणि दारात आलेला जोशी आहे. पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे असे भय घालून जोशी त्या जोडप्याला ऐपतीबाहेरच्या खर्चात ओढतो. आणि या सगळ्याच्या बाजूला उभा आहे विदूषक.

हा विदूषक कुणाचा मित्र नाही. तो कुणाचे मन रमवत नाही. जोशी बोलला की तो त्या बोलण्याचा खरा अर्थ उघड करतो. कुणबी भुलला की त्याच्या भुलण्याचे कारण सांगतो. नाट्यशास्त्राने ऋषींना हसणाऱ्यांना शूद्र केले होते. येथे एका शूद्राने नेमके तेच हसू आपला हक्क म्हणून उचलले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की या विदूषकाने पाठ फिरवली ती राजाकडे, आणि तोंड केले ते प्रेक्षकांकडे. तो नुसता जोशाला हसत नाही. जोशापुढे मान तुकवणाऱ्या आपल्या माणसालाही हसतो, त्याला डिवचतो, विचार करायला लावतो. म्हणूनच नाटकाचा शेवट टाळ्यांनी होत नाही. ते नवराबायको फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करतात. हसण्याचा शेवट शाळेत होतो, असे नाटक त्यापूर्वी मराठीत नव्हते.

हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ च्या 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. नाटक छापले गेले १९७९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. शाप देण्याची पद्धत तेवढी बदललेली होती.

*

जोतीरावांचे नाटक कपाटात पडले. त्यातला विदूषक मात्र दुसऱ्या वाटेने बाहेर आला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी जलसे उभे केले. तमाशाचाच साचा, पण आतला माल वेगळा. गौळणीतला राधाकृष्णाचा शृंगार बाजूला सारला गेला, आणि सोंगाड्या भटाशी, सावकाराशी, कुळकर्ण्याशी सवाल-जवाब करू लागला.

यातूनच पुढे आंबेडकरी जलसे आले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांनी माणसे हलली होती. पण वृत्तपत्र वाचता न येणारा आपला समाज वाड्यावस्त्यांवर विखुरलेला होता. त्याच्यापर्यंत विचार पोचवण्याचे काम नाशिककडील भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी केले. त्यांचे 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक १९७८ साली आले, म्हणून तरी या इतिहासाचा काही भाग हाती लागला. बाकीचा लोकांच्या गळ्याबरोबर गेला.

या जलशांत सोंगाड्याला एक नवी भूमिका मिळाली. तो आता जुन्या चालीचा, अडाणी आपलाच माणूस झाला. मेलेले ढोर ओढणे सोडले तर खायचे काय, वतन सोडले तर गावात राहायचे कसे, देव सोडला तर तो कोपेल, असे तो मोठ्या हिरिरीने सांगतो, आणि समोरचा शिकलेला तरुण त्याचे एकेक कारण खोडून काढतो. लोक त्याला हसतात. हसता हसता त्यांच्या लक्षात येते, की हे तर कालपर्यंत आपणच बोलत होतो. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. विधेयकाची भाषा कायद्याची. तीच गोष्ट माळावर सोंगाड्या भाकरीच्या भाषेत सांगत होता. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द होईपर्यंत लोकांची मने तयार करणाऱ्यांत या सोंगाड्यांचा वाटा आहे.

अश्वघोषाचा विदूषक आणि जलशातला सोंगाड्या यांच्यात सुमारे अठराशे वर्षांचे अंतर आहे. जलसाकारांनी 'शारिपुत्रप्रकरण' वाचलेले असण्याचा संभव नाही. तरीही रचना तीच : खुळ्याच्या तोंडी जुनी चाल घालायची, तिला उत्तर द्यायचे, आणि पाहणाऱ्याला धम्माच्या वाटेवर आणायचे. मी याला योगायोग म्हणत नाही. जन्मावरून ठरणाऱ्या समाजात ज्याला माणूस बदलायचा आहे, त्याच्या हाती हे साधन पुन्हा पुन्हा येणारच.

*

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९४८ साली खेर मंत्रिमंडळाच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग तमाशा सुधारण्यासाठी समिती आली, बंदी अटींवर उठली, आणि वगाची संहिता आधी लिहून तपासून घेण्याची पद्धत आली. अश्लीलता होती, हे मी वर मान्य केलेच आहे. पण ज्याचे अर्धे आयुष्य आयत्या वेळच्या बोलण्यावर उभे, त्या निरक्षर सोंगाड्याला 'उद्या रात्री काय बोलणार ते आज लिहून दे' म्हणणे याचा अर्थ काय होतो? पाटलाची नक्कल संहितेत लिहून मंजुरीला पाठवता येत नाही.

या अडचणीतूनही वाट काढणारे निघाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव देऊन त्याचा सोंगाड्या गिरणीच्या दारात उभा केला. 'अकलेची गोष्ट' या नावातच त्यांनी खुळा कोण हा प्रश्न विचारला आहे. पुढे १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'पासून लोकनाट्य शहरी नाट्यगृहात स्थिरावले. त्यातला राजकीय टोमणा धारदार होता, दादा कोंडक्यांची हजरजबाबी विलक्षण होती. परंतु जातीचा प्रश्न हा त्याचा विषय नव्हता. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक सत्ताधाऱ्यांना हसला आणि घरी गेला. सोंगाड्याचे तोंड पुन्हा एकदा पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांकडे वळले.

माझ्या वर्गातली मुले पथनाट्ये करतात. चौदा एप्रिलला वस्तीत, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर. परवा एका तालमीला मी बसलो होतो. पुढाऱ्याची नक्कल झकास वठली, सगळे हसले. मी विचारले, "हे पाहायला कोण येणार?" "आपलीच माणसं, सर." "मग आपल्या माणसांच्या कोणत्या खुळेपणाला तुम्ही हसवणार?" मुले गप्प झाली. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरात लग्न ठरवताना अजून पोटजात विचारतात. ते घेऊ का?"

घ्या, असे मी म्हणालो. तालीम पुन्हा सुरू झाली. नव्या प्रवेशात पोटजात विचारणाऱ्या बापाचे काम त्याच मुलीने केले, डोक्याला पटका बांधून. आणि बोलताना तिने तोंड केले ते समोर बसलेल्या आमच्याकडे. आजा असता तर त्याने तिला नक्कल अजून थोडी सावकाश करायला सांगितले असते. मग तो तिच्या शेजारी बसला असता.